लिफ्टचा सूर आणि कपाटाची बाजू

आमच्या इमारतीत दर शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता ग्रुपवर गाण्यांची यादी येते. सात गाणी असतात आणि ती शनिवार-रविवारात सगळ्यांनी ऐकायची असतात. नाही ऐकली तर शिक्षा नाही. पण सोमवारी मोजणीसाहेब जिन्यात गाठतात आणि विचारतात, "चौथ्या गाण्यातली ती जागा कशी वाटली?" तेव्हा शिक्षा असती तर बरं झालं असतं, असं वाटतं.

मोजणीसाहेब तिसऱ्या मजल्यावर राहतात. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी घर मोजलं, दुसऱ्या महिन्यात पुन्हा मोजलं, आणि तिसऱ्या महिन्यात फ्रिजला टेप लावताना बायकोनं पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "अहो, गाणी ऐका." यादीचा उगम हा असा आहे.

यादीचा नियम एकच. सहा गाणी जगातली कुठलीही चालतील, पण सातवं 'स्थानिक शोध' असलं पाहिजे. स्थानिक म्हणजे नेमकं कुठवर, असं दातांच्या डॉक्टरांनी सहज विचारलं आणि साहेबांचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन अंगणात उतरले. चतुःसीमा ठरली ती अशी : पूर्वेला कचऱ्याचे डबे, पश्चिमेला वॉचमनची खुर्ची, दक्षिणेला कुंपणाची भिंत आणि उत्तरेला डॉक्टरांची गाडी, ती जागेवर असल्यास. या चौकटीच्या बाहेर कुणी कितीही गोड गायलं तरी ते परदेशी संगीत.

आता एका इमारतीत गाणारी माणसं असून असून असणार किती? पहिल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंचं अंगाईगीत झालं. मग वॉचमनची शीळ, मग डॉक्टरांचा माउथ ऑर्गन. माझं नाव कुणी सुचवलं नाही. मी अंघोळ करताना गातो, पण बाथरूमची खिडकी सगळ्यांच्या सामाईक डक्टमध्ये उघडते, त्यामुळे तो शोध कुणालाच नवा नव्हता. आठव्या आठवड्यात यादीत प्रेशर कुकर आला तेव्हा साहेब खचले आहेत हे आम्ही ओळखलं.

नवव्या आठवड्यात, गुरुवारी, ते बटाट्यांची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरले आणि चुकून चारचं बटण दाबलं. तिसऱ्या मजल्यावर उतरणारा माणूस तिसऱ्याच्या वर लिफ्टनं कशाला जाईल? त्यामुळे तिसरा आणि चौथा यांच्या मधलं त्यांनी आजवर ऐकलंच नव्हतं. आधी एक बारीक, ताणलेली हाक. मग खोल कुठेतरी कुणी घसा खाकरल्यासारखं. आणि चौथा मजला येता येता वरचा सूर. तो लागायचा, डळमळायचा, पुन्हा लागायचा. साहेबांनी बटाटे खाली ठेवले आणि लिफ्टच्या पत्र्याला कान लावला. पाऊण तासानं वहिनी शोधत आल्या तेव्हा ते अकराव्यांदा वर चालले होते.

वरच्या मजल्यांवरचे लोक हाच आवाज दोन वर्षं ऐकत होते. ते त्याला 'करकर' म्हणत आणि तक्रारवहीत लिहीत. शुक्रवारच्या यादीत तो असा आला : 'सात. स्थानिक शोध. तिसरा ते चौथा मजला. वेळ अकरा सेकंद. प्रत्यक्ष ऐकण्यासाठी शनिवारी नऊ ते एक. एका वेळी चार व्यक्ती किंवा दोनशे बहात्तर किलो.'

इथे पाचव्या मजल्यावरच्या टायपिंगबाईंची ओळख करून द्यायला हवी, कारण शनिवारी नऊ ते एक या वेळात लिफ्ट खाली येणार नाही, याचा अर्थ त्यांच्याएवढा कुणालाच कळला नाही.

टायपिंगबाई एकाहत्तर वर्षांच्या. आमच्यापैकी निम्म्या लोकांना टंकलेखन त्यांनी शिकवलं. बोटावर पट्टी मारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, कारण त्या नुसतं बोटाकडे बघायच्या. त्यांची थोरली बहीण समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहते. थोरलीला ऐकू येत नाही. समोर उभं राहून बोललं तर ओठ बघून तिला सगळं कळतं, अगदी आपण मनात म्हटलेलंसुद्धा, पण फोनचा काही उपयोग नाही. म्हणून दर शनिवारी दहा वाजता बाई लिफ्टनं खाली उतरतात, रस्ता ओलांडतात, थोरलीच्या समोरच्या खुर्चीत बसतात आणि दोघी भांडतात. एक वाजता बाई घरी येतात. एकतीस वर्षं हा नेम चुकलेला नाही. मध्ये बाईंचे यजमान गेले, थोरलीचे गेले, त्या आठवड्यांतसुद्धा शनिवार झाला.

भांडण कपाटावरून आहे. त्यांच्या लहानपणीच्या घरात आईचं एक लाकडी कपाट होतं. ते दाराच्या उजवीकडे होतं असं बाई म्हणतात. थोरली म्हणते, डावीकडे. ते घर पाडून आता तिथं गाड्यांचा तळ झाला आहे, कपाट गेलं, आई गेली आणि साक्षीदार कुणी उरला नाही. त्यामुळे वाद उत्तम स्थितीत आहे.

तर त्या पहिल्या शनिवारी बाईंनी पाचव्यावर बटण दाबलं. लिफ्ट आली नाही. खालून करकर आली, मग टाळ्या आल्या. बाई एक मजला उतरल्या. चौथ्यावर चपलांचे बारा जोड आणि रांग.

"या बाई, या!" मोजणीसाहेब म्हणाले. "तुमच्यासाठी साडेदहाची जागा ठेवलीय. खिडकीशेजारची."

"लिफ्टला खिडकी नाही."

"म्हणजे खिडकी असती तर तिथली."

"साहेब, मला ऐकायचं नाहीये. मला उतरायचंय."

"उतराल हो. एक वाजता सगळेच उतरतील."

"माझे गुडघे तुमच्या यादीत बसत नाहीत."

बाई जिन्यानं गेल्या. एका मजल्याला अठरा पायऱ्या, पाच मजल्यांच्या नव्वद. उतरायला वीस मिनिटं लागली आणि, एकला घरी पोचायचा नेम म्हणून बारालाच निघाल्या, तर परत चढायला पन्नास. चढताना दर पायरीला उजवा गुडघा 'कट' म्हणायचा. तिसऱ्या मजल्यावर साहेब फोन पुढे धरून उभेच होते.

"बाई, जरा हळू चढा ना. तुमचा उजवा गुडघा बरोबर समेवर येतो."

"आणि उजवा हात कुठे येतो ते दाखवू?"

साहेबांनी फोन खिशात ठेवला. पण त्या रात्री त्यांच्या वहीत एक नोंद झाली : 'पुढेमागे. गुडघा.'

सोमवारी बाईंनी लिफ्टच्या मिस्त्रीला फोन केला. हा मिस्त्री बावीस वर्षं आमची लिफ्ट सांभाळतो आहे आणि त्या बावीस वर्षांत तो दिसल्यावर कुणी हसल्याचं त्याला आठवत नाही. लोक त्याला बघितल्याबरोबर घड्याळ बघतात. तो शुक्रवारी दुपारी तेलाचा कॅन घेऊन आला. बाई पाचव्यावर दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"काही नाही मावशी," तो म्हणाला. "लिफ्ट ज्या रुळांना धरून चालते ना, त्यांचं तेल संपलंय. आणि बूट झिजलेत."

"लिफ्टला बूट?"

"असतात. वर दोन, खाली दोन. रुळांवर घासत जातात. आज तेल घालतो, बूट पुढच्या महिन्यात बदलू. दहा मिनिटांत आवाज बंद."

"देव तुझं भलं करो," बाई म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

चूक इथे झाली. चहा उकळेपर्यंत मिस्त्री खाली तिसऱ्यावर पोचला, आणि तिथे मोजणीसाहेब, दातांचे डॉक्टर, सूनबाई आणि आणखी पाच-सहा जण उद्याची पूर्वतयारी म्हणून डोळे मिटून उभे होते. लिफ्ट वर गेली. वरचा सूर लागला. डॉक्टरांच्या तोंडून 'अहाहा' निघालं.

"हे," साहेब डोळे न उघडता म्हणाले, "कुणी केलं असेल?"

मिस्त्रीनं इकडेतिकडे पाहिलं. "मी बघतो ही लिफ्ट," तो म्हणाला. "बावीस वर्षं."

सगळ्यांनी डोळे उघडले. सूनबाईंनी त्याला बसायला स्टूल दिलं. डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. साहेबांनी विचारलं, "ही जी मधली खाकरणी आहे, ती तुम्ही मुद्दाम ठेवलीत?"

मिस्त्रीनं तेलाच्या कॅनचं झाकण सावकाश बंद केलं. "ठेवली म्हणजे," तो म्हणाला, "काढली नाही."

बाई चहाचा कप घेऊन चौथ्यापर्यंत उतरल्या तेव्हा मिस्त्री दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर बसून खालच्या लोकांना बुटांची झीज समजावून सांगत होता.

"अरे, तेल?"

"मावशी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता, "घाईनं काही व्हायचं नाही. याला वेळ द्यावा लागतो."

त्या संध्याकाळच्या यादीत 'रचना : मिस्त्री' असं छापून आलं.

दुसरा शनिवार पहिल्याहून मोठा झाला. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून आला. त्याचं म्हणणं असं पडलं की सूर वजनावर अवलंबून असतो. लिफ्टमध्ये हलकी माणसं असतील तर हाक बारीक होते, डॉक्टर आत असले की खर्ज लागतो. झालं. दारात वजनकाटा आला. कुणी कुणाबरोबर ऐकायचं ते आता किलोवर ठरू लागलं. सूनबाईंना अठ्ठेचाळीस किलो असल्यामुळे एकदम मागणी आली. डॉक्टरांनी मधुमेहासाठी चालवलेला उपास सोडला, कारण दोन किलो कमी झाले तर खर्ज जाईल अशी त्यांना भीती वाटली. शेजारच्या इमारतीचे लोक आले, त्यांना परदेशी श्रोते म्हणून वेगळी रांग दिली.

बाई त्या शनिवारी दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरल्या. तिथे गुडघ्यानं 'कट' म्हणण्याऐवजी काहीच म्हटलं नाही, नुसता सुजला. अर्धा तास त्या माझ्या दारातल्या बाकावर बसल्या. मी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "ती दहापासून चहा गाळून बसली असेल. एक माझा, एक तिचा. माझा निवला की ती तोही पिते आणि मग तिला पित्त होतं."

"मी जाऊन सांगू का?"

"काय सांगाल? लिफ्टमध्ये गाणं चाललंय म्हणून? ती म्हणेल, धाकटी आता थापा मारायला माणसं पाठवते." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "एकतीस वर्षांत पहिला शनिवार चुकला हो. तिला वाटेल मी हरले."

पुढचा आठवडाभर बाई पाय वर ठेवून बसल्या. मधल्या वारी लिफ्ट चालू होती, पण थोरलीकडे शनिवारीच जायचं असा रिवाज, बुधवारी गेलं तर ती आजारी आहे का विचारते आणि भांडत नाही. तिसऱ्या शनिवारी बाईंनी जिन्याकडे नुसतं पाहिलं आणि दार लावून घेतलं.

अकरा वाजता समोरच्या तळमजल्याचं दार उघडलं.

थोरली शहात्तर वर्षांची. तिनं हातात काठी घेतली, वाचायचा चष्मा घरीच विसरला, रस्ता ओलांडला आणि आमच्या लिफ्टपाशी आली. बटणावर साहेबांनी कागद चिकटवला होता : 'मैफल सुरू आहे. कृपया दाबू नये.' चष्म्याशिवाय थोरलीला तो कागद म्हणजे कचरा दिसला. तिनं तो ओढून काढला, घडी करून पदरात खोचला आणि बटण दाबलं.

वर तिसऱ्या-चौथ्याच्या मधे साहेब, डॉक्टर, सूनबाई आणि मिस्त्री होते. वरच्या जाळीला साहेबांचा फोन टांगलेला होता, ध्वनिमुद्रण चालू. लिफ्ट चौथ्यावर थांबून वळली आणि खाली निघाली. तिसरा गेला, दुसरा गेला.

"हा भाग नवीन आहे," साहेब कुजबुजले.

"मला माहीत नाही हा," मिस्त्री म्हणाला. कलाकार म्हणून त्याच्या तोंडून निघालेलं हे शेवटचं खरं वाक्य.

दार उघडलं. थोरलीनं चौघांकडे पाहिलं. चौघांचे डोळे मिटलेले होते.

"झोपायला घरं नाहीत का?" ती ओरडली. ज्याला ऐकू येत नाही तो हळू कशाला बोलेल? मग काठीनं डॉक्टरांच्या पोटाला स्पर्श करून म्हणाली, "तू उतर. तुझ्या जागेत दोघी मावतील."

डॉक्टर उतरले. खर्ज तिथेच संपला.

लिफ्ट पाचव्यावर पोचली. आवाज ऐकून बाई दारात आल्या होत्या, भिंतीला धरून. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीची नजर सुजलेल्या गुडघ्यावर गेली आणि तिथे क्षणभर थांबली.

"दोन शनिवार!" ती म्हणाली. "हरलीस म्हणून तोंड लपवतेस?"

"हरते कशाला? उजवीकडे होतं!"

"डावीकडे!"

"आईच्या लुगड्याची घडी काढताना माझा उजवा कोपर भिंतीला लागायचा!"

"तुझा कोपर सगळीकडेच लागायचा! धसमुसळी मेली!"

बाई लिफ्टमध्ये शिरल्या. तळमजल्यापर्यंत भांडण झालं, पुन्हा पाचव्यापर्यंत झालं, कारण उतरायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि पुन्हा खाली झालं. साहेब, मिस्त्री आणि सूनबाई कोपऱ्यात अंग चोरून उभे होते. थोरलीला एक अक्षर ऐकू येत नव्हतं आणि काही वेळा ती बाईंकडे बघतही नव्हती, पण तिचं उत्तर बाईंचं वाक्य संपता संपता नेमकं येऊन पडायचं. एकतीस वर्षांची तालीम होती ती. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या शुक्रवारी यादी आली. 'सात. स्थानिक शोध. जुगलबंदी : कपाट. वेळ तेवीस मिनिटं.'

इतकं कधी काही गाजलं नव्हतं. लोकांनी ते भांडण भांडी घासताना ऐकलं, गाडी धुताना ऐकलं. इमारतीत दोन पक्ष पडले. उजवे आणि डावे एकमेकांना साखर देईनात. मोजणीसाहेबांच्या घरात ते स्वतः डावे आणि वहिनी उजव्या. तक्रार मात्र एकच होती, आणि ती दोन्ही पक्षांनी ग्रुपवर लिहिली : मागे कसलीतरी करकर येते, त्यानं शब्द नीट कळत नाहीत. त्याचं काहीतरी करा.

साहेबांनी मिस्त्रीला फोन केला. "तेल घाला."

"साहेब, ही माझी..." मिस्त्री म्हणाला.

"कला वगैरे ठीक आहे हो. पण 'धसमुसळी' हा शब्द अर्धाच ऐकू येतो."

मिस्त्री आला. तेल घातलं, बूटही बदलले. जुने चार बूट त्यानं फडक्यात गुंडाळून घरी नेले. परतताना भेटलेल्या प्रत्येकानं घड्याळ पाहिलं.

लिफ्ट गप्प झाली. साहेब बाईंकडे गेले आणि म्हणाले, उद्या दहा वाजता दोघींनी लिफ्टमध्ये यावं, बसायला खुर्च्या ठेवतो.

"नाही," बाई म्हणाल्या. "भांडण तिच्याकडे होतं. चहा तिच्याकडे असतो. मी शनिवारी दहाला लिफ्टनं उतरणार आणि एकला लिफ्टनं चढणार. मधे ही लिफ्ट कुणी अडवली, तर मी त्या दिवशी तिला सांगेन, डावीकडेच होतं. मग बसा ऐकत."

साहेब घाबरले. पण खरी अडचण वेगळीच होती. थोरलीचं घर चतुःसीमेच्या बाहेर. तिथं झालेलं भांडण नियमानं परदेशी. साहेब रात्रभर तळमळले आणि सकाळी टेप घेऊन रस्त्यात उतरले. एक टोक डॉक्टरांनी धरलं, दुसरं त्यांनी थोरलीच्या खिडकीच्या गजाला लावलं. टेप ताणलेली असेपर्यंत दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबून राहिल्या आणि एका टेंपोवाल्यानं साहेबांच्या घराण्याविषयी बरंच काही सांगितलं. चतुःसीमा उत्तरेला चौदा मीटर पंचवीस सेंटिमीटरनं वाढली. डॉक्टरांची गाडी आता मध्यवर्ती झाली.

त्या शनिवारी दहा वाजता बाई लिफ्टनं उतरल्या, पाच मजले, चौतीस सेकंद. आम्ही सगळे थोरलीच्या खिडकीखाली फुटपाथवर उभे होतो. उजवे उजवीकडे, डावे डावीकडे. मिस्त्रीही आला होता, मागे उभा होता, शर्ट साधाच होता. आत दोन कप वाफाळत होते. भांडण सुरू झालं आणि पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की आज रंगणार.

तेवढ्यात मिस्त्री मोठ्यानं म्हणाला, "पण मावशी, दाराच्या उजवीकडे म्हणजे आत येताना की बाहेर जाताना?"

साहेबांनी झेप घालून त्याच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. "मूर्खा," ते कुजबुजले, "अजून किती शनिवार पुरलं असतं हे!"

बाई उठल्या आणि खिडकीशी आल्या. त्यांची पाठ थोरलीकडे होती, त्यामुळे ओठ फक्त आम्हाला दिसत होते.

"ती मोठी," त्या हळूच म्हणाल्या. "शाळेत आधी गेली, लग्न होऊन आधी गेली. तिला ते घर बाहेर जाताना आठवतं. मी मागे राहिले, मला आत येताना. हे मला पहिल्याच वर्षी कळलंय." त्यांनी एकेका बोटाकडे बघावं तसं आमच्या एकेकाकडे बघितलं. "तुमच्यापैकी कुणी तिला सांगाल तर याद राखा."

साहेबांनी मिस्त्रीच्या तोंडावरचा हात आणखी घट्ट दाबला.

"काय म्हणतोय गं तो लिफ्टवाला?" आतून थोरली ओरडली.

बाई वळल्या, तिला ओठ दिसतील अशा नीट समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणतोय, उजवीकडेच होतं!"

"त्याला कपाटातलं काय कळतंय!" थोरलीनं कप पुढे सरकवला. "बस. निवतोय तुझा."